सोळा महिन्यांची नर्सिंग पदवी आणि दोन एकर उसाची जमीन

आपले पत्र आणि त्यासोबतचा एजंटाचा खर्चाचा कागद, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. आपण खानापूर तालुक्यातील, वय २६, सूक्ष्मजीवशास्त्रात तीन वर्षांची बी.एस्सी. झालेल्या आणि बेळगावातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये महिना २२,००० रुपयांवर काम करणाऱ्या. शिल्लक साडेतीन लाख आणि धाकटा भाऊ पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. आधीची कोणतीही पदवी असलेल्यांसाठी अमेरिकेत जो जलद नर्सिंग अभ्यासक्रम असतो, तो १६ महिन्यांत करण्याचा आपला विचार आहे. एकूण खर्च ४५ लाख सांगितला आहे, येत्या महिन्यात ७५,००० रुपये नोंदणीसाठी भरायचे आहेत, आणि वडील दोन एकर उसाची जमीन तारण ठेवायला, वेळ पडल्यास विकायलाही तयार आहेत. "पोरगी मार्गाला लागली की जमीन परत घेता येईल," हे त्यांचे वाक्य आपण लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगतो. या वाटेसाठी जमिनीला हात लावू नये. नर्स होण्याचा विचार मात्र सोडू नये, कारण तो चांगला आहे आणि आपल्या शिक्षणाला साजेसाही आहे.

असे अभ्यासक्रम अमेरिकेत खरोखरच आहेत, बहुधा ११ ते १८ महिन्यांचे, आणि ते पूर्ण करणारा पदवीधर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा देऊन नोंदणीकृत नर्स होतो. एजंटाने हे खोटे सांगितलेले नाही. परंतु तेथील पदवी चार वर्षांची असल्याने आपली तीन वर्षांची पदवी अनेक विद्यापीठे पूर्ण समकक्ष धरत नाहीत, आणि शरीररचना, शरीरक्रिया, संख्याशास्त्र यांसारखे विषय आधी पूर्ण केलेले असावेत अशी अट घालतात. त्या पूर्वतयारीचा एक पैसाही कागदावर दिसत नाही. शिवाय यांतील पुष्कळ अभ्यासक्रम अर्धे ऑनलाइन चालतात, आणि तशा ठिकाणी विद्यार्थी व्हिसा मिळणे अवघड असते.

खरा प्रश्न पदवी हाती आल्यानंतरचा आहे. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना त्यानंतर कामासाठी १२ महिने मिळतात. अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी पुढील २४ महिन्यांची वाढ नर्सिंगला लागू नाही. याच १२ महिन्यांत परवाना परीक्षा, नोकरीचा शोध आणि रुजू होणे हे सारे बसवायचे असते, आणि एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही. नंतर तेथे राहायचे तर आयटीवाल्यांच्या ओळखीचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सर्वसाधारण नर्सच्या पदाला सहसा मिळत नाही. उरते ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी नर्सच्या नोकरीच्या वर्गातील रांग दहा वर्षांहून लांब आहे. ही रांग जन्मदेशावर ठरते, शिक्षण कोठे झाले यावर नाही. अमेरिकेतील रुग्णालयांना नर्स हव्या आहेत हे खरे असले, तरी त्या गरजेमुळे आपला क्रमांक पुढे सरकत नाही.

आता हप्ता पाहू. ४५ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले आणि शिक्षण अधिक एक वर्ष अशी सवलतीची मुदत धरली, तर व्याज साचून ते साधारण ५५ लाखांवर जाईल. दहा वर्षांच्या फेडीला महिना सुमारे ७५,८०० रुपये आणि पंधरा वर्षांच्या फेडीला सुमारे ६२,५०० रुपये हप्ता येतो. अमेरिकेतील नर्सच्या पगारातून हा हप्ता सहज निघेल. परंतु ते १२ महिने संपून तेरावा महिना आपल्याला बेळगावात काढावा लागला, तर आजच्या पगाराच्या तिप्पट हप्ता कोण भरणार? म्हणजे फेडीचा सारा भार अशा तारखेवर आहे, जी ना आपल्या हाती आहे ना रुग्णालयाच्या.

वडिलांना एक गोष्ट शांतपणे सांगावी. न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीवर वसुली करता येत नाही, म्हणून बहुतेक बँका मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी शेती तारण घेत नाहीत. त्यांना घर किंवा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट लागतो. त्यामुळे घरात आज ज्याला तारण म्हटले जाते, ते बँकेच्या टेबलावर पोहोचेपर्यंत विक्री होऊन बसते. गेल्या हंगामात असेच एक शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत उतारा घडी घालून माझ्याकडे आले होते. उताऱ्यावर भावाचेही नाव होते, आणि मुलीच्या फीची तारीख आठ दिवसांवर होती. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही आणि पुढे तीच जमीन त्या किमतीत परत मिळत नाही, हे त्यांना समजावताना मला फार जड गेले.

येथील मार्गाकडे वळू. भारतात पदवीधरांसाठी नर्सिंगचा जलद मार्ग नाही. दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग ही जी.एन.एम. हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम होऊन नोंदणी झालेल्यांसाठीच आहे. "तुम्ही पदवीधर आहात, थेट घेऊ" असे कोणी म्हणाल्यास विश्वास ठेवू नये. आपल्याला बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांच्या आधारे चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंगच करावी लागेल. आपण चौकशी केलेल्या कॉलेजात वर्षाला दीड लाख, म्हणजे सहा लाख फी. त्यात चार वर्षे बुडणारा १०,५६,००० रुपयांचा पगार मिळवला, तर खरी किंमत साडेसोळा लाखांच्या घरात जाते. ही रक्कम लहान नाही आणि ती लपवून मला सल्ला द्यायचा नाही. परंतु साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज बँका हमी योजनेखाली तारणाशिवाय देतात, आणि हाती येणारी नोंदणी बेळगावातही चालते आणि बाहेर जाण्यासही उपयोगी पडते. एनक्लेक्स परीक्षा बेंगळुरूमध्येही देता येते. ग्रीन कार्डच्या रांगेत थांबायचेच असेल, तर कर्जाखाली दबून परक्या शहरात थांबण्यापेक्षा पगार घेत घरी थांबलेले बरे.

तिसरी वाट पत्रात नाही, पण मला तीच आपल्यासाठी सर्वांत योग्य वाटते. जर्मनीत नर्सिंगचे तीन वर्षांचे प्रशिक्षण रुग्णालयाशी करार करून होते, त्याला शिक्षणशुल्क नसते, आणि सार्वजनिक रुग्णालयांत पहिल्या वर्षापासून महिना १,३०० युरोंहून अधिक विद्यावेतन मिळते. ते पूर्ण झाल्यावर तेथेच नर्स म्हणून काम करता येते. अडसर भाषेचा आहे: जर्मन भाषेची किमान बी-१ (मध्यम) पातळी लागते आणि अनेक रुग्णालये त्याहून वरची बी-२ मागतात. म्हणून नोकरी न सोडता संध्याकाळी जर्मन सुरू करावे आणि पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, परीक्षा द्यावी. आपल्या शिल्लकीतून दीड लाखांहून अधिक यावर घालवू नये. उरलेले दोन लाख भावाच्या प्रवेशासाठी आणि घरच्या अडीअडचणीसाठी बँकेत ठेवावेत. पुढील वर्षीच्या प्रवेशाच्या वेळेपर्यंत बी-१ झाले नाही, तर बेळगावात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यावा. कर्ज कोणत्याही मार्गाचे असो, त्या रकमेइतका मुदत विमा आपल्या नावे आधी काढावा, कारण जामीनदार वडील असतील.

आणि ते ७५,००० रुपये भरू नयेत. एजंटाने तरीही आग्रह धरला, तर आपण स्वतः विद्यापीठाला ईमेल करावा: माझी तीन वर्षांची पदवी आपण मान्य करता का, या अभ्यासक्रमाला विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे आय-२० हे प्रवेशपत्र देता का, आणि मागील तुकडीतील परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जण एक वर्षानंतरही तेथे नर्स म्हणून काम करत आहेत. उत्तर विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलेले असावे. ते आले की मला पाठवा, आपण वडिलांसोबत बसून वाचू.