लायसन्सचा इशारा आला म्हणजे गुन्हा झाला का?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मी विंडोजसकट नवा संगणक घेतला. पक्कं बिल माझ्याकडे आहे. दोन महिन्यांपूर्वी मदरबोर्ड जळाला. दुरुस्तीवाल्याने तो बदलला आणि विंडोज नव्याने टाकून दिलं. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' अशी ओळ दिसते. गेल्या आठवड्यात तर इंटरनेटवर वाचत असताना अख्खा पडदा लाल झाला : 'तुमचे लायसन्स बेकायदा आहे, २४ तासांत या क्रमांकावर फोन करा, अन्यथा पोलीस कारवाई होईल.' मी घाबरून फोन केला. पलीकडच्या माणसाने एक अ‍ॅप टाकायला सांगितलं तेव्हा मात्र फोन ठेवून दिला. दुरुस्तीवाला म्हणतो, "क्रॅक टाकून देतो, ओळ कायमची जाईल." मी गुन्हेगार ठरतो का? क्रॅक टाकू का?

उत्तर : नाही, तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. पण क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेताच विंडोज चालू करून देणारा बेकायदा प्रोग्राम, टाकलात तर हेच उत्तर मला पुन्हा देता येणार नाही, म्हणून आधी त्याबद्दलच बोलतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ६३ बी नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि ५० हजारांपर्यंतच्या दंडावर प्रकरण थांबवू शकतं. या कलमात तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा शब्द आहे 'जाणूनबुजून'. तुम्ही पैसे मोजून, बिल घेऊन, विंडोजसकट संगणक घेतला. यात बेकायदा प्रत वापरण्याची जाणीव कुठेच नाही. क्रॅक टाकला की ती जाणीव तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करता. आज जो आरोप खोटा आहे, तो त्या दिवशी खरा होतो. शिवाय असे क्रॅक चालवायला बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्यांच्यासोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येऊ शकतात. फुकटात होतंय म्हणून हो म्हणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुमचे दोन इशारे वेगळे करू या. दोन्ही लायसन्सबद्दल बोलतात म्हणून तुम्ही ते एकाच माळेत ओवलेत, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

लाल पडदा ही निव्वळ फसवणूक आहे. ते एक वेब पान होतं. तुमच्या संगणकात कुठलं लायसन्स आहे हे त्या पानाला कळूही शकत नाही. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेलं आहे की त्यांच्या त्रुटी दाखवणाऱ्या किंवा धोक्याच्या संदेशात फोन क्रमांक कधीच नसतो. पोलीस कारवाईची सूचनाही ब्राउझरमधून येत नाही. खरी कायदेशीर नोटीस तुमच्या नावाने येते, तिच्यावर पाठवणाऱ्या वकिलाचं नाव-पत्ता असतो, आणि उत्तर द्यायला वेळ दिलेला असतो. असा पडदा पुन्हा आला तर एस्केप बटण दाबून धरा किंवा टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्राम बंद करायची विंडोजमधली सोय) ब्राउझर बंद करा, आणि तो पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कोणकोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठवायची परवानगी दिली आहे तेही बघा. अनोळखी नाव दिसलं की काढून टाका. अ‍ॅप टाकण्याआधी फोन ठेवलात हे फार चांगलं केलंत. पैसे गेले असते तर मी तुम्हाला तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायला सांगितलं असतं. गेले नसले तरी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तो फोन क्रमांक नोंदवा. दुसऱ्याच्या नावाने संगणकावरून ठकवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ डी आहे. गुन्हा तिकडे घडला, तुमच्याकडे नाही.

कोपऱ्यातली ओळ मात्र खरी आहे. तरीही ती आरोप नव्हे. विंडोजचं डिजिटल लायसन्स यंत्राच्या भागांशी, मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं. बोर्ड बदलला की विंडोजला ते नवंच यंत्र वाटतं. इशारा देणारी यंत्रणाही चुकते. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरवर माणसाच्या चुकीने गडबड झाली आणि अस्सल विंडोज असलेल्या हजारो संगणकांवर 'अस्सल नाही' असा शिक्का बसला. विंडोजच्या होम (घरगुती) आणि प्रो (व्यावसायिक) अशा वेगवेगळ्या आवृत्त्या असतात; नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रोच्या अनेक ग्राहकांना अचानक 'तुमचं लायसन्स होमचं आहे' असं दिसू लागलं. दोन्ही वेळा दोष कंपनीच्या बाजूचा होता.

म्हणून शांतपणे तपासा. आधी संगणकाची तारीख-वेळ बघा. बोर्ड बदलल्यावर ती कित्येकदा मागे जाते आणि तेवढ्यानेही मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर तुमच्या संगणकाचं लायसन्स मान्य करत नाही. मग बिलावर होम आहे की प्रो ते पाहा आणि सेटिंगमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाशी ताडून पाहा. दुरुस्तीवाल्याने होमच्या जागी प्रो टाकलं असेल तर तुमचं लायसन्स त्याला लागू पडणारच नाही. मग त्याच्याकडून योग्य आवृत्ती टाकून घ्या. आवृत्ती बरोबर असेल तर त्याच पानावर ट्रबलशूट हा पर्याय मिळतो. त्यात 'नुकतेच हार्डवेअर बदलले' असं निवडा. लायसन्स आधीच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर काम बहुधा तिथेच होतं.

नाही झालं तर एक कागद निर्णायक ठरेल. संगणकासोबत आलेलं लायसन्स त्या यंत्रापुरतंच असतं आणि हौसेने बोर्ड बदलला तर ते नव्या बोर्डवर नेता येत नाही. बिघडलेल्या बोर्डच्या जागी तशाच दर्जाचा दुसरा बसवला, तर मात्र नवं लायसन्स घ्यावं लागत नाही. तेव्हा दुरुस्तीवाल्याकडून पावतीवर 'जुना मदरबोर्ड जळाल्यामुळे बदलला' असं तारखेसह लिहून घ्या. आजच घ्या, सहा महिन्यांनी त्यालाही आठवणार नाही. ही पावती, मूळ बिल, संगणकावरच्या लेबलचा फोटो आणि कोपऱ्यातल्या ओळीचा फोटो जोडून संगणक बनवणाऱ्या कंपनीला आणि मायक्रोसॉफ्टच्या मदत विभागाला लिहा. त्यांचा क्रमांक त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, शोधयंत्रातल्या जाहिरातीतून नको.

विकलेलं लायसन्सच मुळात अस्सल नव्हतं, असं उत्तर आलं तर विक्रेत्याला लेखी नोटीस द्यावी लागेल : अस्सल लायसन्स द्या किंवा पैसे परत करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे. खरेदीला चार वर्षं झाली म्हणून विक्रेता हात झटकेल. आपण म्हणू, दोष उघड झाला तेव्हा कारण घडलं. त्यासाठी कंपनीचं लेखी उत्तर आणि ओळ पहिल्यांदा दिसल्याची तारीख जपून ठेवा. ते उत्तर हाती आलं की बिलाच्या प्रतीसह मला पुन्हा लिहा, नोटिशीचा मसुदा करून देतो.