ऑपरेशनसाठी लेकीची एफडी मोडू का?

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१, उंची १६२ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३७ च्या थोडा वर. आठ वर्षांपासून मधुमेह, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) ८.९. ऐरोली स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. सर्जननी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन) सुचवली आहे, पॅकेज ४ लाखांचं. लेक अकरावीत, तिच्या इंजिनिअरिंगसाठी साडेसहा लाखांची एफडी आहे. ती मोडावी, की भाऊ म्हणतो तसं १४ टक्क्यांनी पर्सनल लोन काढावं, की स्वतःच्या पाच लाखांच्या पॉलिसीतला मधुमेहाचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) संपेपर्यंत १४ महिने थांबावं? ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत तीन लाखांचं कव्हर आहे, पण एचआर म्हणतं ‘वजनाचं ऑपरेशन बसत नाही’. आणि मिस्टरांचं म्हणणं, ‘तोंड बंद ठेवलं तर फुकटात होईल.’

ताई, आधी मिस्टरांचं बोलू, कारण ते वाक्य मनातून गेल्याशिवाय पैशांचा विचार सरळ होणार नाही. लठ्ठपणा हा आजार आहे. वजन उतरू लागलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च होणारी ऊर्जा कमी करतं. तुम्ही लिहिलेली चार डाएटं फसली त्यात आळसाचा भाग शोधत बसू नका. घरच्यांनीही शोधू नये.

ऑपरेशनचा फायदा खरा आहे. अमेरिकेत मधुमेह आटोक्यात नसलेल्या १५० रुग्णांवर एक चाचणी झाली. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली राखणारे नुसत्या औषधांच्या गटात शंभरात ५ होते, औषधांसोबत स्लीव्ह केलेल्यांत २३. मी याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घेतो. फरक मोठा आहे, पण शंभरातले ७७ तिथवर पोचले नाहीत. म्हणून ‘मधुमेहाच्या गोळ्यांचे पैसे वाचतील’ ही रक्कम तुमच्या हिशेबात शून्य धरा. वाचले तर आनंदच आहे.

धोकाही खरा. अनुभवी हातांत जीव जाण्याची शक्यता फार कमी, पण शिवण गळणं, रक्तस्राव, रक्ताची गुठळी या गोष्टी होतात आणि झाल्या की आयसीयूचं बिल पॅकेजच्या बाहेर जातं. स्लीव्हनंतर काहींना ॲसिडिटी इतकी वाढते की पुढे पोटाचा बायपास (अन्नाचा मार्ग बदलणारं दुसरं ऑपरेशन) करावा लागतो. काही वर्षांनी थोडं वजन परतही येतं.

आता पॅकेजबद्दल. चार लाख हा पहिला हप्ता समजा. कोपरीच्या एका क्लायंट ताई वर्षभराने माझ्याकडे आल्या तेव्हा बिलांनी भरलेला बिस्किटांचा डबा घेऊन आल्या होत्या. कॅल्शियम, लोह, बी१२, डी, प्रोटीन पावडर, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, केस गळायला लागले म्हणून त्वचेच्या डॉक्टरांची फी, तीनदा आवळलेले ब्लाउज. आम्ही टेबलावर पावत्या महिन्यांप्रमाणे लावल्या. त्या म्हणाल्या, अर्धी वाटी वरण संपायला वीस मिनिटं लागतात, पण नातवाला कडेवर घेऊन तलावपाळीला फेरी मारता येते. खर्चाची खंत नव्हती. आधी कुणी सांगितलं नाही याची होती. तुम्ही पहिल्या वर्षी महिन्याला साडेतीन हजार धरा आणि पुढे जीवनसत्त्वं व तपासण्यांसाठी कायमची एक ओळ ठेवा. त्या गोळ्या पैसे नाहीत म्हणून थांबवायच्या नसतात. सैल पडलेली कातडी काढण्याचा खर्च विमा सहसा देत नाही.

एचआरच्या तोंडी नकारावर मात्र अडून राहू नका. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसींतल्या वगळण्यांची भाषा ठरवून दिली. तिच्यानुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन सरसकट वगळलेलं नाही. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ किंवा जास्त हवं, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा जास्त, सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांसारखं काही, आणि साधे उपाय करून झालेले असावेत. तुमची केस याच चौकटीत बसण्यासारखी आहे. ग्रुप पॉलिसीत कंपनीने वेगळी अट घातलेली असू शकते, म्हणून पॉलिसीचं वर्डिंग मागा आणि हॉस्पिटलमार्फत प्रीऑथ (ऑपरेशनआधीच्या मंजुरीची मागणी) पाठवा. नकार आला तर तो कारणासकट लेखी येऊ दे. डाएटिशियनच्या जुन्या चिठ्ठ्या फाइलला लावा. रूम रेंटची मर्यादाही पाहा. ती दिवसाला तीन हजार असेल आणि तुम्ही सहा हजारांची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी आणि ओटीचे पैसेही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. पॅकेजमध्ये जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या कार्ट्रिज धरल्या आहेत का, हेही लेखी घ्या.

ग्रुपमधून काहीच निघालं नाही, तर १४ महिने थांबण्याचा प्रश्न येतो. तुमच्या पत्रातली मला सर्वात अवघड वाटलेली गोष्ट इथे आहे. या काळात डॉक्टरांनी टिर्झेपाटाइड किंवा सेमाग्लुटाइडचं, म्हणजे वजन आणि साखर उतरवणारं, इंजेक्शन सुरू केलं आणि साडेसहा-सात किलो उतरले, तर तुम्ही ९२ च्या खाली याल, बीएमआय ३५ च्या खाली जाईल आणि क्लेमची अट हातातून निसटू शकेल. साखर आटोक्यात आली तरी तेच. तरीही क्लेमसाठी साखर चढती ठेवायचा विचार चुकूनही करू नका. डोळे आणि किडनी यांची किंमत कुठलीच पॉलिसी भरून देत नाही. उपचार पूर्ण घ्या. इंजेक्शनने भागलं तर ऑपरेशनच टळेल, पण तोही महिन्याचा खर्च आहे. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचा अभ्यास झाला तेव्हा उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आला होता.

डॉक्टर म्हणाले थांबू नका, तर विम्याची वाट पाहू नका. पैसे कुठून? पर्सनल लोन नको. ४ लाखांवर १४ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता सुमारे १३,६७० आणि व्याज ९२ हजारांवर जातं. एफडी मोडूही नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून कर्ज) घ्या. बँका सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लावतात. दर साडेआठ टक्के धरला आणि महिन्याला २० हजार भरले, तर २२ महिन्यांत एफडी मोकळी होते, म्हणजे लेकीच्या प्रवेशाच्या आसपास. दोघांचे मिळून एक लाख येतात, त्यातून गृहकर्जाचे ३१,५०० आणि घरखर्चाचे ४२ हजार गेले की २६,५०० उरतात. एसआयपी तेवढा काळ थांबवावी लागेल, ते मला चालेल. एफडीतली उरलेली रक्कम मात्र गुंतागुंत झाली तरच काढायची.

या शनिवारी दोन कामं करा. स्वतःच्या पॉलिसीचा प्रपोजल फॉर्म काढून एजंटने तेव्हा वजन किती लिहिलं होतं ते बघा. कमी लिहिलं असेल तर क्लेमच्या वेळी तेच पुढे येईल, त्यामुळे ते आत्ताच कंपनीला लेखी कळवा. आणि मिस्टरांना सोबत घेऊन मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा. १४ महिने थांबलं तर काय बिघडेल, हे त्यांच्यासमोर विचारा. उत्तर कळवा, मग आपण हप्त्याची तारीख ठरवू.