केंद्राला हवं तर ते काहीही करू शकतं, मग राज्यांच्या बाजूने लागलेल्या निकालांचा उपयोग काय?

तुम्ही विचारलंय की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजांवरचा कर आणि औद्योगिक अल्कोहोल अशा दोन्ही बाबतींत राज्यांच्या बाजूने निकाल दिले, पण शेवटी केंद्राचंच चालणार असेल तर सामान्य माणसाला त्याचं काय? यातल्या अल्कोहोलच्या वादाने आमच्या दुकानाचा निम्मा धंदा खाल्ला, म्हणून लिहायला बसलो.

लालबागला आमचं पॉलिशच्या सामानाचं दुकान. चपडी लाख, चंद्रस, पॉलिश पेपर, जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे कोणी पिऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलेलं अल्कोहोल. फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर सकाळी कामावर जायच्या आधी यायचे. लाख स्पिरिटमध्येच विरघळवायची असते, त्यामुळे जिथे स्पिरिट मिळतं तिथूनच लाख, तिथूनच पेपर. स्पिरिटवर सुटायचं फार थोडं, पण गिऱ्हाईक त्याच्यासाठी यायचं.

स्पिरिटला राज्याचा परवाना होता. दर वर्षी नूतनीकरण, फी, आणि रोजचं रजिस्टर: आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. आबा, म्हणजे माझे वडील, शटर ओढण्याआधी ड्रममध्ये लाकडी पट्टी बुडवून मोजायचे. स्पिरिट झटकन उडतं, पट्टी बघता बघता कोरडी पडते, म्हणून मी शेजारी पेन उघडून उभा. ते आकडा बोलायचे, मी लिहायचो. बारावीपर्यंत माझं हे रोजचं काम होतं.

माझे मामा फोर्टला एका सॉलिसिटरकडे हेडक्लार्क होते. घरात कायद्याचं काहीही निघालं की त्यांचा शब्द शेवटचा. २५ ऑक्टोबर १९८९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या खटल्यात निकाल दिला. राज्यघटनेच्या राज्य सूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत, आठव्या नोंदीत ‘मादक द्रव’ आहेत. त्यात फक्त पिण्याजोगी दारू येते, कारखान्यांत वापरायचं अल्कोहोल येत नाही, त्यामुळे त्यावर राज्यांना कर लावता येणार नाही, असं त्यात ठरलं. मामा एका रविवारी घरी आले ते हेच सांगत. “भावोजी, आता राज्याला स्पिरिटला हातच लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. फी कसली भरता? रजिस्टर कसलं लिहिता? कोणी आलं तर हा निकाल दाखवा.”

आबा सातवी शिकलेले. मेव्हणा कोर्टातल्या कागदांत वावरणारा. त्यांनी त्या वर्षी नूतनीकरण केलं नाही. रजिस्टर मात्र आणखी महिनाभर लिहीत होते, सवयीने. मग मामांनीच एकदा हटकलं आणि तेही थांबलं.

१९९१ च्या पावसाळ्यात तपासणी आली. दोन ड्रम आणि काही कॅन, परवाना संपलेला, नोंदी नाहीत. आबांनी मामांनी दिलेली निकालाची झेरॉक्स पुढे केली. आलेल्या साहेबांनी ती शांतपणे पाहिली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, “हे कराचं आहे, शेठ. परवाना वेगळा.” एवढंच. आवाज चढवला नाही, काही मागितलं नाही. त्यांच्यावर माझा आजही राग नाही. मग ड्रम सील करायला त्यांच्या माणसाने खिशातून काडेपेटी काढली, लाख वितळवायला. आबा पटकन पुढे झाले. “इथे नको, बाहेर फुटपाथवर करा, इथे स्पिरिट आहे.” स्वतःच्या दुकानाला सील लागत होतं आणि हा माणूस सील लावणाऱ्याचा हात भाजू नये म्हणून त्याला बाहेर घेऊन गेला. ज्या घरात तीन पिढ्या लाख विकली, त्याच घरच्या ड्रमवर लाल लाखेचे ठिपके पडताना मी पाहिले आहेत.

दंड भरला. परवाना पुन्हा मिळाला नाही. कारागीर पुढच्या गल्लीत गेले आणि लाखही तिकडूनच घेऊ लागले. आम्ही प्लायवूड आणि रंगांवर आलो. मामा मात्र तीस वर्षं एकच वाक्य बोलत राहिले, “निकाल आपल्याच बाजूने होता. भावोजी लढले नाहीत.”

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

मामांचं म्हणणं तेव्हाही चूक होतं. १९८९ च्या त्याच निकालात न्यायालयाने राज्यांकडे काय उरतं तेही लिहिलं होतं: पिण्याच्या दारूवर बंदी किंवा नियंत्रण, तिच्यावरचं उत्पादन शुल्क, आणि औद्योगिक अल्कोहोल पिण्यासाठी वळवलं जाऊ नये म्हणून नियम करण्याचा अधिकार. राज्य काही सेवा देत असेल तर तिच्यापुरती फीही. आमचा परवाना आणि आमचं रजिस्टर हे नेमकं तिसऱ्या गोष्टीसाठी होतं. अधिकार गेला होता तो कर बसवण्याचा, दाराशी येऊन ड्रम मोजण्याचा नव्हे. मामांनी निकालाचं डोकं वाचलं आणि पाय वाचले नाहीत.

मग २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने १९८९ चा तो निकालच रद्दबातल केला. खटला उत्तर प्रदेशातला, लालता प्रसाद वैश्य यांच्या नावाचा. बहुमताने म्हटलं की ‘मादक द्रव’ म्हणजे फक्त बाटलीतली दारू नाही. लोकांच्या आरोग्याला अपाय होईल अशा रीतीने ज्याचा गैरवापर होऊ शकतो ते अल्कोहोल त्यात येतं, डिनेचर्ड स्पिरिटसुद्धा. आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, केंद्राने एखादा उद्योग सार्वजनिक हितासाठी आपल्या नियंत्रणाखाली घेतल्याचं कायद्यात जाहीर केलं, एवढ्याने आठव्या नोंदीतला राज्याचा अधिकार पुसला जात नाही. म्हणजे निदान इथे तरी केंद्र ‘काहीही’ करू शकत नाही. घटनादुरुस्ती करावी लागेल.

यात नवीन काही नाही, असं मला ठामपणे वाटतं. ही गोष्ट मुंबईतच सुरू झाली होती. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा बलसारा नावाच्या एका गृहस्थाने उच्च न्यायालयात अर्ज केला. व्हिस्की, बिअरपासून औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनपर्यंत सगळं जवळ बाळगू द्या, अशी मागणी. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव त्याच्या व्याख्येत घ्यायला राज्य मोकळं आहे असं मानलं. पण त्याच निकालात औषधं आणि प्रसाधनं जवळ ठेवायला केलेली मनाई मात्र रद्द केली, कारण तेवढं बंधन वाजवी नव्हतं. अधिकार आणि त्याची हद्द, दोन्ही एकाच कागदावर. २०२४ चाही निकाल तसाच आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोल असलेली तयार वस्तू, उदाहरणार्थ सॅनिटायझर, या नोंदीत येणार नाही.

राज्याकडे हा अधिकार हवाच, हे माझं मत आहे आणि ते मी मऊ करून सांगणार नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. त्यात मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं द्रव्य. ते लोक कुठल्या रुग्णालयांत नेले? पंचनामे कोणी केले? घटनेप्रमाणे पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याचे. प्रेतं राज्याने उचलायची आणि पिंपावर नजर ठेवायची वेळ आली की ‘हा उद्योग केंद्राचा’ म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही. आमचा परवाना गेला तरी पटलं नाही.

खनिजांचं थोडक्यात. २५ जुलै २०२४, पुन्हा नऊ न्यायमूर्ती, पुन्हा आठ विरुद्ध एक. खाण चालवणारा खनिज काढण्याबद्दल जी रॉयल्टी देतो ती कर नव्हे, आणि खनिज असलेल्या जमिनीवर व खनिजहक्कांवर राज्यं कर लावू शकतात. पण खनिजहक्कांच्या नोंदीतच ‘संसदेने घातलेल्या मर्यादांच्या अधीन’ असे शब्द आहेत. म्हणजे या कुलपाची एक किल्ली केंद्राकडे आहे, अल्कोहोलच्या कुलपाची नाही. दोन्ही निकाल ‘राज्यांच्या बाजूने’ म्हणून एका दमात सांगितले जातात, तसं करू नका. जीएसटीचंही असंच. १९ मे २०२२ ला मोहित मिनरल्सच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की जीएसटी परिषदेच्या, म्हणजे हा कर ठरवणाऱ्या केंद्र आणि राज्यांच्या मंडळाच्या, शिफारशी बंधनकारक नाहीत. मथळे मोठे आले. पण परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात, त्यामुळे केंद्र नको म्हणालं तर सगळी राज्यं मिळूनही काही मंजूर होत नाही, हे गणित त्या निकालाने बदललेलं नाही.

केंद्र काहीही करू शकतं हे एका बाबतीत जवळजवळ खरं आहे, आणि ते मुंबईकराइतकं कोणाला ठाऊक असणार? राज्यांच्या सीमा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन तुकडे होते. संसदेने ते बदलून एकच द्वैभाषिक राज्य केलं. या बदलावर राज्याच्या विधिमंडळाला पुन्हा विचारलंच नाही, म्हणून बाबूलाल पराते न्यायालयात गेले आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. मूळ प्रस्तावावर मत मागवलं की पुरे, आणि ते मतही संसदेवर बंधनकारक नाही, असं ठरलं. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला तो रस्त्यावर, कोर्टात नाही. उलट टोकाला १९९४ चा बोम्मई निकाल घ्या: राष्ट्रपती राजवट लावण्यावर न्यायालय नजर ठेवू शकतं आणि बहुमत विधानसभेतच मोजायचं. तेव्हा ‘केंद्र’ असं एकच बोट दाखवून प्रश्न सुटत नाही, कुठली सूची आणि कुठली नोंद ते बघावं लागतं.

निकाल रद्द झाल्याचं कळलं तेव्हा मी डोंबिवलीला मामांकडे गेलो. ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. दोन्ही निकालांची हवी ती पानं मोठ्या अक्षरांत छापून नेली होती. नवा निकाल पाहून ते म्हणाले, “म्हणजे तेव्हा मी बरोबरच होतो, कायदा आत्ता बदलला.” मग मी १९८९ चं ते पान पुढे ठेवलं, राज्यांकडे काय उरतं ते सांगणारं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, “भावोजींना हे माहीत होतं?”

माहीत होतं. दंड भरायला गेले त्याच दिवशी एका वकिलाने त्यांना ते समजावलं होतं. आईचा एकुलता एक भाऊ, म्हणून घरात कधी बोलले नाहीत. मलाही सांगितलं ते शेवटच्या आजारपणात.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. मूळ निकाल वाचायची सवय मला या प्रकरणामुळे लागली, शिक्षण बी.कॉम. २०२४ च्या अल्कोहोलच्या निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांचं विरोधी मत आहे. औद्योगिक अल्कोहोल पिण्याजोगं नसतं, त्यामुळे ते राज्यांच्या नोंदीत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं मत बहुमताकडे झुकतं, पण ते एकदा वाचाच. प्रत्येक राज्याने वेगळा नियम, वेगळा कर केला तर कारखानदाराचं काय, ही काळजी खोटी नाही. आणि तुमचा स्वतःचा स्पिरिटचा किंवा थिनरचा व्यवसाय असेल, तर माझ्या या उत्तरावर किंवा घरातल्या कोणा जाणकारावर विसंबून कुठलीही फी थांबवू नका. परवाना चालू ठेवा, रजिस्टर रोजच्या रोज लिहा, आणि फी बेकायदा वाटत असेल तर हरकत लेखी नोंदवून भरा. नंतर परत मागता येते. बंद पडलेलं गिऱ्हाईक परत मागता येत नाही.