जुने चांदी-सोन्याचे चमचे जमवायला सुरुवात कुठून करावी, आणि खरे कसे ओळखावेत?

तुम्ही लिहिलं आहे की आजोळच्या ट्रंकेत चांदीसारखे दिसणारे काही चमचे आणि एक पळी मिळाली, आणि तेव्हापासून असे आणखी जमवावेत असं वाटतंय. खरं-खोटं कसं ओळखायचं, सोन्याचे चमचे मिळतात का, आणि पुढे यातून पैसा होतो का, हे तुमचे तीन प्रश्न. मी बडोद्याची, आणि हा छंद मला बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशाचं आधी सांगते: पैशासाठी हे करू नका. चांदीत पैसे घालायचे असतील तर शुद्ध चांदीची नाणी किंवा वीट घ्या. चमच्याला घडणावळ पडते आणि विकताना ती कोणी देत नाही. आपल्याकडे सराफ दोनच गोष्टी बघतो, वजन आणि टंच, म्हणजे शुद्धता. चमचा दीडशे वर्षांचा असो की गेल्या दिवाळीचा, तागडीत दोन्ही सारखेच.

आणि म्हणूनच हे जमवणं मला फार मोलाचं वाटतं. २०२५ मध्ये चांदी किलोला एक लाखाच्या वर गेली, तेव्हा घराघरांतून जुनी चांदी मोडीला निघाली. इथे घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत एका ओळखीच्या सराफाच्या पेटीत मी पळ्या, तुपाच्या चमच्या, बाळाची बोंडली, अत्तरदाण्यांची झाकणं असा ढीग पाहिला. एक पळी उचलून विचारलं तर ते म्हणाले, "आ तो काले गाळवा जशे, बेन." उद्या वितळणार. ती पळी मी त्याच दिवशी त्या दिवसाच्या भावाने घेतली. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. दोन-तीन सराफांशी ओळख वाढवा आणि सांगून ठेवा की मोडीत चमचा, पळी, डाव असं काही आलं तर मुशीत जाण्याआधी एक फोन करा. त्यांना मिळायचा तो भाव मिळतो, त्यामुळे बहुतेक जण आनंदाने करतात. विलायती कॅटलॉग आणि लिलाव नंतर बघता येतील.

वितळण्यावरून इंग्लंडचा एक प्रसंग सांगते. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर, १६४९ मध्ये, तिथली राजचिन्हं विकायला आणि वितळवायला काढली. त्यात बाराव्या शतकातला एक चमचा होता, राज्याभिषेकात पवित्र तेल लावताना वापरायचा. राजाच्या सामानखात्यात नोकरीला असलेल्या क्लेमंट किनर्स्ली नावाच्या माणसाने तो १६ शिलिंगांना विकत घेतला, आणि राजेशाही परत आल्यावर दुसऱ्या चार्ल्सला आणून दिला. मुकुट गेले, राजदंड गेले, चमचा राहिला. २०२३ च्या राज्याभिषेकातही तोच होता. कोणी तरी योग्य वेळी पैसे मोजून उचलला, एवढ्याने तो वाचला.

आता तुमच्या पळीकडे या, कारण माझ्या मते तुमच्या ट्रंकेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच असू शकते. संध्येची, तीर्थाची पळी आपण चमच्यात धरत नाही, पण चमचाच तो. वाटी गोल आणि लहान, दांड्याच्या टोकाला वळण किंवा नागाची फणी. दांडा वाटीला कसा जोडलाय ते बघा. एकाच तुकड्यातून ठोकून काढलेला असेल तर पाठीमागे सांधा दिसणार नाही. डाख दिलेला, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधलेला, असेल तर तिथे चांदीचा रंग किंचित वेगळा, पिवळट किंवा करडा दिसतो. ठोक्याच्या खुणा नीट घासल्या गेल्या असतील तरी उजेडात तिरकं धरल्यावर पृष्ठभाग किंचित लाटालाटांचा दिसतो. साच्यात दाबलेल्या नव्या पळीला तसा दिसत नाही.

मग नाव शोधा. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर नाव घालायची रीत आहे, टिंबाटिंबांनी कोरलेलं. "चि." कोणाला, "यांजकडून" कोणाचं, कधी तिथी, कधी साल, क्वचित मोडी लिपीत. इंग्रजी चमच्यावर कारखान्याची सगळी कुंडली असते, आपल्या चांदीवर ती बहुधा नसते. या एका ओळीतच काय तो इतिहास. दुर्दैवाने विकणारे हीच ओळ घासून काढतात, "नाव असलं की गिऱ्हाईक घेत नाही" म्हणून. तुम्ही उलट करा. नाव असलेली वस्तू आधी घ्या, आणि घेताना कोणत्या गावाची, कोणत्या घरातली, कोणत्या कामाची हे विचारून त्याच दिवशी वहीत लिहा. विकणाऱ्याला ते आज ठाऊक असतं, महिन्याभराने नसतं. नाव घासलेलं ओळखायची युक्ती जुन्या जाणकारांची आहे: थंड चमच्यावर तोंडाने वाफ सोडा. वाफ धरली की पुसलेल्या अक्षरांची रेघ, दुरुस्तीचा डाख, बदललेला दांडा क्षणभर स्पष्ट दिसतो. नाव घासलेल्या जागी बोटाने दाबून पाहिलं तर पत्राही पातळ लागतो.

विलायती चमच्यांचे छाप वाचायला शिकायचे तर भिंग घ्या आणि दांड्याची पाठ बघा. इंग्लंडच्या स्टर्लिंगवर, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, पुढचा पाय उचलून चालणारा सिंह असतो. तो १५४४ पासून आहे. (१६९७ ते १७२० मध्ये कायद्याने जास्त शुद्ध, हजारात सुमारे ९५८ ची चांदी लागायची. त्या काळात सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया दिसते.) सिंहाशेजारचं चिन्ह शहराचं: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट, ज्याच्या जागी १९७५ पासून गुलाब आला. नांगर पाहून "जहाजावरचा चमचा" म्हणून विकणारे भेटतात. तो फक्त बर्मिंगहॅम. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजा-राणीचं डोकं असे, ते दिसलं की काळ लगेच आवळता येतो. मग एक सुटं अक्षर असतं, ते वर्षाचं. दर वर्षी अक्षर बदलतं, फेरी संपली की अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदलते, म्हणून तक्ता समोर ठेवून अक्षर आणि चौकट दोन्ही जुळवायची. उरलेली आद्याक्षरं कारागिराची. अमेरिकन चमच्यावर बहुधा सरळ "स्टर्लिंग" असा शब्द, जर्मनवर १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि ८०० सारखा आकडा.

फसगत होते ती ई.पी.एन.एस. या चार अक्षरांत. ती चार वेगवेगळ्या चौकटींत, वळणदार लिपीत ठोकलेली असतात, आणि दुरून अगदी सिंह-मुकुटाच्या रांगेसारखी दिसतात. अर्थ एवढाच की तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा थर. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तोच आतला धातू, त्यात चांदी अजिबात नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने या विजेच्या मुलाम्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं, त्यामुळे असा चमचा त्याआधीचा असूच शकत नाही. जुने सरकारी नोकरदार, वकील, डॉक्टर यांच्या घरांतून निघालेले विलायती चमचे माझ्या पाहण्यात बरेचसे असेच असतात. ते टाकाऊ नव्हेत, घाट सुंदर असतो. पण चांदीच्या भावाने घेऊ नका.

इथे घडलेल्या साहेबी चमच्यांचा मात्र वेगळा मान आहे. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची ऑर यांसारख्या पेढ्या इंग्रजी धर्तीचे छाप ठोकत, पण ते छाप पेढीचेच, सरकारी तपासणीचे नव्हेत. आणि गुजरातेत राहून भुजचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कच्छी कामात दाट वेलबुट्टी असते, आणि उमरसी मावजी या तिथल्या नामांकित कारागिराच्या कामात त्या वेलींतून हरणं, वाघ, हत्ती बाहेर येतात. त्यांचा छाप इंग्रजी आद्याक्षरांत, ओ.एम., आणि खाली भुज. असा चमचा फार मागणीचा, म्हणून खोटा छापही मारला जातो. आधी नक्षी बघा, मग छाप. चांगल्या कामात प्राण्याचे डोळे, कान, पानांच्या शिरा वेगवेगळ्या हत्यारांनी काढलेल्या कळतात.

झीज हाही पुरावा. उजव्या हाताने खाणाऱ्याचा चमचा वर्षानुवर्षं ताटलीवर घासून टोकाला डावीकडे झिजतो. वाटी अशी झिजलेली आणि दांड्यावरची नक्षी मात्र कालच कोरल्यासारखी टोकदार असेल तर नक्षी नंतरची.

घरच्या घरी करता येणारी परीक्षा एकच भरवशाची आहे, ती वजन आणि पाण्याची. लोहचुंबक काही सांगत नाही, कारण चांदीही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही नाही. दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. चमचा जोखा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, चमचा दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला-काठाला लागणार नाही असा धरा. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. स्टर्लिंग असेल तर १०.३ च्या आसपास, शुद्ध चांदी १०.५ च्या, आणि जर्मन सिल्व्हर साधारण साडेआठ-पावणेनऊ. उदाहरणार्थ ४० ग्रॅमचा चमचा पाण्यात ३.९ दाखवत असेल तर ठीक, ४.६ दाखवत असेल तर मुलाम्याचा. पोकळ दांड्याच्या वस्तूला ही परीक्षा चालत नाही. सराफाकडच्या टंच मशीनवर एकट्यावर विसंबू नका, कारण ती वरच्या अगदी पातळ थराचंच वाचते, आणि जाड मुलाम्याला चांदी म्हणते. कानशीने घासून बघू तर अजिबात देऊ नका.

सोन्याचं. बडोद्याने सोन्याच्या तोफा पाहिल्या आहेत, तरी भरीव सोन्याचा चमचा बाजारात जवळजवळ दिसत नाही. जे "सोन्याचे" म्हणून येतात ते चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले. वर सांगितलेला राज्याभिषेकाचा चमचाही तसाच. त्यांतही मिठाच्या चमच्या आणि अंड्याचे चमचे जास्त, आणि त्याला कारण आहे. मीठ चांदीला खातं, खड्डे पाडतं. अंड्यातल्या गंधकाने ती काळी पडते. म्हणून फक्त वाटीवर मुलामा देत. वाटी सोनेरी आणि दांडा पांढरा असा चमचा दिसला तर हे लक्षात ठेवा. मुलामा झिजला असेल तर पुन्हा देऊ नका.

साफ करण्याबाबत मी थोडी हट्टी आहे. रांगोळी, राख, टूथपेस्ट, सगळं बंद. या सगळ्यांनी बारीक चरे पडतात आणि कोरीव नाव दर दिवाळीला थोडं थोडं जातं. अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा हा उपाय काम करतो, काळ्या थरातली चांदी परत चमच्यावर येते. पण नक्षीच्या खोबणीतला काळेपणाही निघून जातो आणि कच्छी काम त्याने पार सपाट दिसतं. साध्या चमच्याला करा, नक्षीच्या नको. एरवी साबणाचं कोमट पाणी, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडं करणं पुरतं. ठेवताना रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र वापरू नका. धुतलेल्या जुन्या सुती साडीचे तुकडे उत्तम.

शेवटी कायद्याचं, कारण तुमची बहीण अमेरिकेत आहे आणि काही चमचे तिला द्यायचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष धरली जाऊ शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही, आणि अशांचा व्यापार करायला परवाना लागतो. घरात ठेवायला, वापरायला काही अडचण नाही. बहिणीला द्यायचे ते अलीकडचे निवडा, आणि काळाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घेऊन मगच बॅगेत टाका. त्यासाठी वस्तू तपासायला न्यावी लागते, म्हणून तिच्या परतीच्या तारखेच्या बरंच आधी अर्ज करा.