पीईबीसीची फी भारतातून भरू का कॅनडात येऊन? टॅक्सच्या बाजूने

ताई, तुम्ही विचारलंय की पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) आलाय, निघायला अजून वेळ आहे, तर पीईबीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या फार्मसी परीक्षा मंडळाच्या, परीक्षा आत्ताच उरकू का लँडिंगनंतर देऊ, कारण कॅनडात ही फी टॅक्समध्ये परत मिळते असं ऐकलंय. मी ओंटारियोत फार्मासिस्ट आहे, याच वाटेने आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी "परत मिळते" हे डोक्यातून काढा. ट्यूशन क्रेडिट म्हणजे फीच्या ठरावीक टक्क्यांइतका टॅक्स कमी होणं, २०२६ साठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, दर १४ टक्के आहे, २०२४ पर्यंत १५ होता. म्हणजे ४,००० डॉलर गेले तर ५६० डॉलर वाचतात, आणि तेही टॅक्स लागत असेल तरच, कमाई नसेल त्या वर्षी हातात काही येत नाही, पण वाया पण जात नाही, पुढच्या वर्षांत नेता येतं. ओंटारियोचं स्वतःचं ट्यूशन क्रेडिट २०१७ मध्येच बंद झालंय त्यामुळे फक्त फेडरलच धरा.

लायसन्ससाठी कायद्याने लागणाऱ्या परीक्षेची फी यात बसते, १०० डॉलरच्या वर असली पाहिजे. आता महत्त्वाचं, क्रेडिट मिळतं ते परीक्षा ज्या वर्षी दिली त्या वर्षाचं, पैसे कधी भरले त्यावर नाही, आणि कॅनडाचे रहिवासी झाल्यानंतरच्या काळासाठी. त्यामुळे लँडिंगआधी दिलेल्या परीक्षेचं साधारण काही धरू नका. पण म्हणून परीक्षा पुढे ढकलू नका हो! लायसन्स चार महिने लवकर मिळालं तर त्या पगारापुढे हे १४ टक्के काहीच नाहीत. ओएससीई, म्हणजे पीईबीसीची प्रात्यक्षिक परीक्षा, तर इथेच येऊन द्यावी लागते, तिची फी आपोआप बसते. आयईएलटीएस आणि डॉक्युमेंट इव्हॅल्युएशनची फी मात्र यात धरू नका, त्या परीक्षेच्या फीमध्ये येत नाहीत.

मिस्टरांना आधी नोकरी लागली आणि तुमचा टॅक्स शून्य असेल, तर त्या वर्षाच्या फीपैकी ५,००० डॉलरपर्यंतची रक्कम त्यांच्या नावावर ट्रान्सफर करता येते. हे त्याच वर्षी करायचं, एकदा कॅरी फॉरवर्ड झालं की मग ती फक्त तुमचीच. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

लायसन्स मिळाल्यावर कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्सची (हे शिकायचं कॉलेज नाही, लायसन्स देणारी संस्था) वार्षिक फी उत्पन्नातून थेट वजा होते, रिटर्नमधली लाइन २१२००, पण सुरुवातीची एकदाच भरायची फी नाही होत. आणि फी कंपनीने दिली आणि ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली नाही, तर कुठलंच क्रेडिट तुम्हाला नाही, ते उघडच आहे.

अजून एक आहे, कॅनडा ट्रेनिंग क्रेडिट, वय २६ ते ६५, किमान कमाई असली तर दरवर्षी २५० डॉलर साठत जातात आणि हे मात्र रिफंडेबल आहे, म्हणजे टॅक्स शून्य असला तरी पैसे हातात येतात, पुढच्या कोर्सच्या निम्म्या फीपर्यंत वापरता येतं. नव्याने आलेल्यांना लगेच नाही, आधी कमाईचं एक वर्ष आणि त्याचं रिटर्न लागतं.

तर पहिल्या वर्षी कमाई शून्य असली तरी ३० एप्रिलच्या आत रिटर्न भराच, शेड्यूल ११ (ट्यूशनच्या फीचा फॉर्म) जोडून, नाहीतर तुमचं न वापरलेलं क्रेडिट सीआरएकडे (कॅनडाच्या टॅक्स खात्याकडे) नोंदलं जाणार नाही. पावत्या सहा वर्षं जपा.