कंपनीवर कशाला बिल फाडता?

प्रश्न : ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या जॅझ-रॉक बँडची १९७३ची लाइव्ह एलपी माझ्याकडे आहे. त्याच वर्षीचा त्यांचा स्टुडिओ अल्बम ‘द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स’ रेकॉर्ड कंपनीने पुढे सव्वीस वर्षं दाबून ठेवला म्हणे. त्यातले तीन तुकडे तर माझ्याकडे आहेतच. मग तो घेण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : घ्या. पण ‘दाबून ठेवला’ म्हणू नका, कंपनीवर उगाच बिल फाटतं. जून १९७३मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, अल्बम जवळपास तयारही होता. घोडं अडलं ते बँडमध्येच. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आणि ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ या आधीच्या दोन्ही अल्बमांत एकूण एक रचनेखाली नाव गिटारवाल्या जॉन मॅकलॉफ्लिनचं. बाकीचे काय नुसते साथीदार होते? ट्रायडंटमध्ये कीबोर्डवाला यान हॅमर, व्हायोलिनवाला जेरी गुडमन आणि बासवाला रिक लेअर्ड यांनी आपापली एकेक रचना आणली. सहापैकी तीन! पण तोवर एकमेकांशी पार बिनसलं होतं. अल्बम बाजूला पडला. त्याऐवजी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात झालेला कार्यक्रम बाजारात आला, तीच तुमची एलपी. वर्ष संपता संपता बँडही मोडला.

ट्रायडंटच्या टेप बॉब बेल्डन या निर्मात्याला १९९८मध्ये कंपनीच्याच साठ्यात सापडल्या, ‘बर्ड्‌स ऑफ फायर’च्या नव्या आवृत्तीचं काम चालू असताना. पुढच्या वर्षी ‘द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स’ निघाला.

आता तुमच्या ‘तीन तुकड्यां’बद्दल. एलपीची दुसरी बाजू अख्खी ‘ड्रीम’नेच भरली आहे, एकवीस मिनिटं. स्टुडिओत तेच अकरा मिनिटांत उरकलंय, आणि मला तेच आवडतं. मैदानात मॅकलॉफ्लिन आणि ड्रमवाला बिली कॉबम एकमेकांना भिडले की कोणी आवरतं घेत नाही. तुम्हाला ते आवडत असेल, मला जड जातं. हॅमरची ‘सिस्टर अँड्रिया’सुद्धा स्टुडिओत जास्त आटोपशीर आहे.

उरलेल्यांपैकी गुडमनची ‘आय वंडर’ आणि लेअर्डची ‘स्टेपिंग्ज टोन्स’ जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या. लोक त्यांना भरताड समजून पुढे ढकलतात. पण बँड मोडल्यावर हॅमर आणि गुडमन यांनी मिळून १९७४मध्ये ‘लाइक चिल्ड्रन’ काढला, तेव्हा या दोन्ही रचना त्यात पुन्हा वाजवल्या. शेवटच्या तुकड्याचं नाव तर ‘जॉन्स साँग नंबर टू’! बारसं करायलाही कोणाला सवड मिळाली नसावी.

आपल्याकडे मॅकलॉफ्लिन म्हटलं की तबलेवाले झाकीरभाई आणि दोघांचा ‘शक्ती’ हा बँड आठवतो, ते पर्व यानंतरचं. तिथे बिनविजेची वाद्यं, इथे विजेच्या वाद्यांचा दणका. ‘शक्ती’च्या कानांनी हा अल्बम ऐकायला बसलात तर पहिल्या मिनिटालाच आवाज कमी कराल. तसं करू नका. लेअर्डचा बास बारीक आवाजात साफ बुडतो.