वाचकांचे प्रश्न : गोल पृथ्वी, सपाट नकाशे

प्रश्न : भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते, पण पुस्तकातल्या कोष्टकात त्याचे क्षेत्रफळ फारच कमी दिलेले आहे. यांपैकी चूक कोणती मानावी?

उत्तर : कोष्टक बरोबर आहे. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर आहे आणि आफ्रिकेचे ३ कोटींहून थोडे अधिक, म्हणजे जवळपास चौदा पट. आपल्याकडचा नकाशा बहुधा मर्केटर प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका पद्धतीने) काढलेला असावा. पृथ्वीगोलावर रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात आणि ध्रुवांवर मिळतात. या प्रक्षेपणात मात्र ती समांतर उभ्या रेषांनी दाखवलेली असतात, त्यामुळे ६० अंश अक्षांशावरचा प्रदेश पूर्व-पश्चिम दिशेने दुप्पट ताणला जातो. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशात तेवढाच ताण उत्तर-दक्षिण दिशेनेही दिला आणि त्यायोगे कोन व लहान प्रदेशांचे आकार राखले. पण दोन्ही दिशांनी दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट झाले. ८० अंशांवर तर ते तीस पटींहूनही अधिक फुगते, आणि ध्रुव अनंत अंतरावर जात असल्यामुळे कागदावर दाखवताच येत नाहीत.

हे सारे पत्करण्याचे कारण दर्यावर्दींची गरज हे होते. होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज न्यायचे असेल, तर तो मार्ग या नकाशावर पट्टीने सरळ रेषेत आखता येतो. त्यामुळे दोष प्रक्षेपणाला देण्यापेक्षा, देशांच्या आकारमानाची तुलना शिकवण्यासाठी त्याचीच निवड करणाऱ्यांना द्यावा, असे माझे मत आहे. (मोबाइलवरच्या अनेक नकाशांतही याच प्रक्षेपणाचे एक रूप वापरतात, रस्त्यांचे कोन बिघडलेले तेथे चालत नाहीत.)

प्रश्न : मग आकार, क्षेत्रफळ, अंतर असे सर्वच अचूक दाखवणारा जगाचा नकाशा का काढत नाहीत?

उत्तर : तो काढणे अशक्य आहे. गोलाचा पृष्ठभाग कोठेही न ताणता वा न आकसता सपाट करता येत नाही, हे गणितज्ञ गाउस यांच्या वक्रतेविषयीच्या १८२७ सालच्या सिद्धांतातून निष्पन्न होते. काय राखायचे आणि काय सोडायचे, एवढीच निवड नकाशाकाराच्या हाती उरते. समक्षेत्र प्रक्षेपणे क्षेत्रफळांचे प्रमाण राखतात, पण आकार बिघडवतात. गॉल-पीटर्स प्रक्षेपणात आफ्रिका उभी लांबट होते ती यामुळेच. नकाशाकार गूड यांनी १९२३ साली महासागरांत छेद देऊन खंडांचे आकार बरेचसे सावरले, मात्र सागरी प्रवाह समजून घ्यायला असा तुटक नकाशा कुचकामी ठरतो. रॉबिन्सन आणि विंकेल या नकाशाकारांनी मध्यममार्ग काढला : त्यांच्या प्रक्षेपणांत कोणताही एक गुण पूर्णपणे टिकत नाही, पण कोणतीही विकृती फार डोळ्यांत भरत नाही. भिंतीसाठी मी विंकेल यांचे प्रक्षेपण निवडेन आणि शेजारी पृथ्वीगोल ठेवेन.

प्रश्न : लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारी विमाने ग्रीनलंडच्या बाजूने वळसा का घेतात?

उत्तर : तो वळसा नाही. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून (गोलाचे केंद्र हेच ज्याचे केंद्र असते अशा वर्तुळावरून) जातो, आणि मर्केटर नकाशावर तो उत्तरेकडे कमानीसारखा वाकलेला दिसतो. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास त्याची लगेच खात्री पटेल.

प्रश्न : लोकसंख्येच्या रंगीत नकाशावर गडद रंग म्हणजे तेथे दाट वस्ती, असे समजावे का?

उत्तर : आधी सूची वाचावी. अशा क्षेत्रघनी नकाशात प्रत्येक विभागाला त्याच्या आकडेवारीनुसार एकच छटा दिलेली असते, आणि तो आकडा एकूण लोकसंख्येचा आहे की घनतेचा, यावर सर्व काही अवलंबून असते. रशिया आणि बांगलादेश या दोघांचीही लोकसंख्या दहा ते वीस कोटींच्या दरम्यान आहे, त्यामुळे एकूण आकड्यांच्या नकाशात ते एकाच छटेत येऊ शकतात. प्रत्यक्षात बांगलादेशात दर चौरस किलोमीटरला हजाराहून अधिक माणसे राहतात, तर रशियात दहाहूनही कमी. घनतेची छटाही विभागाच्या आतले चित्र लपवते : इजिप्तचे बहुतेक लोक नाईलच्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात राहतात, पण रंग मात्र वाळवंटावरही तोच पसरतो. अशा देशासाठी टिंब पद्धतीचा, म्हणजे ठरावीक लोकसंख्येमागे एक टिंब देणारा, नकाशा अधिक उपयोगी पडतो. एका टिंबाचे मूल्य किती धरले आहे, तेवढे मात्र सूचीत पाहून घ्यावे.